ओटीजीसाठी बनवून घेतलेला १८ गेजचा ट्रे: चटणीतलं चिकन आणि भाज्या भाजून केलेली पारख

ओटीजीत (ओव्हन-टोस्टर-ग्रिलर, म्हणजे विजेच्या घरगुती ओव्हनमध्ये) चिकन आणि भाज्या एकाच ट्रेवर भाजायला घेतल्या की कोल्हापुरात हमखास ऐकू येणाऱ्या चार तक्रारी आहेत. चिकन शिजतं पण रंग धरत नाही. बटाटे खालून करपतात. फ्लॉवर उकडल्यासारखा लागतो. आणि चटणी, म्हणजे आपला कोरडा कांदा-लसूण मसाला, कडू होते. दोष ओव्हनच्या माथी मारला जातो आणि मोठा, महागडा ओव्हन घ्यायचा विचार सुरू होतो. पहिल्या तीन तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा ट्रेमध्ये असतं आणि चौथीचं चटणी घालायच्या वेळेत. म्हणून इथे पारख ट्रेची केली आहे: शिवाजी उद्यमनगरात पत्रा कापून-वाकवून देणाऱ्या छोट्या वर्कशॉपमधून मापावर करून घेता येतो तसा, १८ गेज अ‍ॅल्युमिनियमचा, ३२ बाय २६ सेंटिमीटरचा, अडीच सेंटिमीटर कडेचा उघडा ट्रे.

निकाल आधी सांगतो. ३० ते ४० लिटरचा ओटीजी घरात असेल तर ओव्हन बदलण्याआधी हा ट्रे करून घ्यावा. तीन-चार माणसांचं जेवण त्यावर एका वेळी नीट भाजून निघतं, आणि फरक पहिल्याच वेळी बटाट्याच्या तळाकडे बघून कळतो. त्याच्या मर्यादाही आहेत, त्या पुढे येतील.

मापाचं आधी बोलू. ओव्हनसोबत मिळणारा ट्रे कडेच्या खाचांत सरकवायचा असतो, त्यामुळे तो आतली जवळजवळ सगळी जागा व्यापतो. खालच्या रॉडची गरम हवा वर यायला वाटच राहत नाही. तळ तापत राहतो आणि वरचं चिकन फिकट पडतं. आपला ट्रे जाळीवर ठेवायचा आणि चारही बाजूंनी अडीच-तीन सेंटिमीटर मोकळे सोडायचे, एवढ्यानेच हवा फिरू लागते. ऑर्डर देण्याआधी ओव्हनच्या आत टेप लावून मोजावं. डब्यावर लिहिलेल्या लिटरवरून माप काढू नये, कारण सारख्या लिटरचे ओव्हन आतून वेगवेगळ्या आकाराचे असतात. दार लावल्यावर काच आत किती येते तेही बघावं.

गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो. १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर, २२ गेज म्हणजे सुमारे ०.७. नुसतं बघून हा फरक पटकन कळत नाही, वजनकाट्यावर मात्र लगेच कळतो. वर दिलेल्या मापाचा, किनार दुमडलेला ट्रे १८ गेजचा असेल तर सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास भरतो. २२ गेजचा असेल तर अडीचशेच्या आसपास. ट्रे हातात घेताना वर्कशॉपमध्येच वजन करून घ्यावं. पातळ ट्रे २०० अंशांवर ‘टण्’ करून पिळतो, एक कोपरा वर उचलला जातो, सगळं तेल समोरच्या कोपऱ्यात जमा होतं आणि कोरड्या बाजूच्या भाज्या जळतात. १६ गेज आणखी मजबूत असतो, पण तापायला वेळ घेतो आणि घरगुती ओटीजीला त्याची गरज नाही.

कडेच्या उंचीत हयगय नको. दीड सेंटिमीटर ठेवली तर चिकनचं सुटलेलं तेल खालच्या रॉडवर सांडून धूर होतो. चार-पाच सेंटिमीटर ठेवली तर वाफ आतच कोंडते आणि भाजणं सुरूच होत नाही. अडीच योग्य. कोपरे कापून रिव्हेट मारलेले नकोत, कारण तिथे मसाला अडकतो आणि तेल झिरपतं. पाकिटासारखे दुमडलेले कोपरे सगळ्यात चांगले. आर्गॉन वेल्डिंग करून घासून गुळगुळीत केलेलेही चालतात. वरची किनार बाहेरच्या बाजूला दुमडून घ्यावी. त्याने हात कापत नाही आणि ट्रे ताठ राहतो.

पत्रा भांड्यांच्या दर्जाचा हवा, हे शब्दांत सांगावं. भांड्यांसाठीच्या अ‍ॅल्युमिनियमचं भारतीय मानक आयएस २१ आहे, त्याची विचारणा करावी. कामातून उरलेला अनोळखी मिश्रधातूचा तुकडा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. नव्या पत्र्यावर प्लास्टिकची फिल्म असते, ती कोपऱ्यांच्या घड्यांतूनही पूर्ण निघाली आहे ना ते बघावं. मशीनचं तेल गरम पाण्याने आणि साबणाने दोनदा धुवून काढावं, मग रिकामा ट्रे २०० अंशांवर १५ मिनिटं तापवावा. तेलाचा वास आला तर पुन्हा धुवून पुन्हा तापवावा.

आता घरात असलेल्या इतर पर्यायांशी तुलना. ओव्हनचा काळा इनॅमलचा ट्रे पातळ लोखंडी पत्र्याचा असतो. ओटीजीचे रॉड ट्रेच्या अगदी जवळ असतात. काळा तळ त्यांची धग थेट शोषून घेतो आणि लोखंड ती आडवी पसरवत नाही, म्हणून रॉडच्या रेषेतले बटाटे काळे पडतात आणि दोन रेषांच्या मधले पांढरे राहतात. तुमच्या ट्रेवर असे पट्टे दिसत असतील तर दोष तापमानाचा नाही. स्टीलचं ताट किंवा परात त्याहून वाईट. स्टेनलेस स्टील अ‍ॅल्युमिनियमच्या तुलनेत उष्णता दहा-पंधरा पट कमी वाहतं. काचेचं भांडं उशिरा तापतं, उंच भिंतींमुळे वाफ धरतं, आणि तापलेल्या काचेत गार दही किंवा पाणी पडलं तर तडकण्याची भीती असते. नॉनस्टिक ट्रे साफ करायला सोपा, पण शेवटची पाच मिनिटं वरच्या रॉडखाली कडक आच द्यायची असते आणि तिथे त्याचा लेप लवकर खराब होतो.

मर्यादा अशी की साधं अ‍ॅल्युमिनियम आंबट पदार्थांशी जमत नाही. दह्यातलं चिकन ट्रेमध्ये मुरवत ठेवायचं नाही, मुरवायला स्टीलचं पातेलं घ्यावं. उरलेलं जेवण ट्रेसकट फ्रिजमध्ये ठेवायचं नाही. टोमॅटो आणि लिंबू भाजताना घालायचे नाहीत. चिकनखाली कागद घालावा, पण तो बेकिंगचा पार्चमेंट पेपर हवा. किराणा दुकानात बटर पेपर म्हणून मिळणारा प्रत्येक कागद ओव्हनची आच सोसत नाही, काही तुपकट होऊन चिकटतात, काही कडेने जळतात. खोक्यावर तापमान छापलेलं असेल तोच घ्यावा, आणि कागदाचा काठ ट्रेच्या बाहेर डोकावू देऊ नये, नाहीतर रॉडला लागून पेटतो. कागद फक्त चिकनखाली. बटाटे थेट धातूवर हवेत, कागदावर ते तितके खरपूस होत नाहीत.

पारखायला पदार्थ घेतला तो आपल्या चवीचा: कांदा-लसूण चटणीतलं चिकन आणि चार भाज्या.

चिकन ७०० ग्रॅम, तंगडी आणि थाय मिळून सहा पीस. दुकानात ‘करी कट नको, तंगडी आणि थाय वेगळे करून अख्खे द्या’ असं सांगावं. रश्श्यासाठी करतात ते छोटे तुकडे ट्रेवर २५ मिनिटांत कोरडे पडतात, तोवर बटाटा अर्धा कच्चाच असतो. छातीचं मांस याच कारणाने टाळावं. गावरान कोंबडी तर या ट्रेवर घेऊच नये. तिच्या स्नायूंना ओल्या आचेवर बराच वेळ लागतो, कोरड्या आचेत ती चामट होते. ती रश्श्यातच शोभते.

प्रत्येक पीसला हाडापर्यंत दोन-तीन चिरा द्याव्यात. मुरवायला १०० ग्रॅम चक्का, २ मोठे चमचे तेल, १ मोठा चमचा चटणी, १ छोटा चमचा आलं-लसणाची पेस्ट, पाव छोटा चमचा हळद आणि ५ ग्रॅम मीठ. मीठ मुद्दाम कमी आहे, कारण चटणीत ते असतंच. पातळ दही वापरलं तर त्याचं पाणी ट्रेवर उतरतं आणि पाणी आटेपर्यंत पृष्ठभाग १०० अंशांच्या वर जातच नाही. रंग यायला त्याहून बरीच जास्त आच लागते, म्हणून चक्काच घ्यावा. दोन तास मुरलं तरी पुरे, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं तर आणखी चांगलं. भाजायच्या २० मिनिटं आधी बाहेर काढावं.

भाज्यांत २५० ग्रॅम बटाटे अडीच सेंटिमीटरच्या फोडी करून, २०० ग्रॅम फ्लॉवरचे मध्यम तुरे, २ कांदे आणि १ ढोबळी मिरची. कांद्याचा मुळाकडचा भाग न काढता चार भाग करावेत, म्हणजे पाकळ्या सुटत नाहीत. फ्लॉवर धुतल्यावर कापडावर पसरून पूर्ण कोरडा करावा. पावसाळ्यात तो तासाभरातही कोरडा होत नाही, तेव्हा आदल्या रात्री धुवून फ्रिजमध्ये उघडा ठेवावा. बटाट्याऐवजी कृष्णाकाठची छोटी वांगी अर्धी चिरून, कापलेली बाजू खाली ठेवून घेतली तर फार उत्तम लागतात. भेंडीही चालते. दुधी, कोबी आणि टोमॅटो पाणी सोडतात, ते नकोत.

ओव्हन दोन्ही रॉडवर २०० अंशांना १५ मिनिटं तापवावा. पंखा असेल तर १८० ते १८५. ट्रेही आतच तापू द्यावा, बटाट्याचा तळ खरपूस व्हायला याची मोठी मदत होते. तापलेला ट्रे बाहेर काढून एका बाजूला कागदावर चिकन, दुसऱ्या बाजूला १ मोठा चमचा तेल, मीठ आणि हळद लावलेले बटाटे पसरावेत. तुकड्यांमध्ये बोटभर अंतर हवं. जाळी मधल्या खाचेत.

१५ मिनिटांनी बटाटे उलटावेत, कांदा आणि फ्लॉवर तेल-मीठ लावून घालावेत. चिकनने पाणी सोडून तळं केलं असेल तर ते एका वाटीत ओतून घ्यावं, टाकू नये. आणखी १५ मिनिटांनी ढोबळी मिरची आणि भाज्यांची चटणी. ४० मिनिटांनी फक्त वरचा रॉड २३० अंशांवर चालू करून ट्रे एक खाच वर घ्यावा. चार-पाच मिनिटांत कडा काळसर-लाल होतात. या वेळी ओव्हनसमोरून हलू नये, आणि कागदाच्या खोक्यावर २३० पेक्षा कमी आकडा असेल तर वर घेण्याआधी कागद काढून टाकावा. बाहेर काढल्यावर पाच-सात मिनिटं तसंच राहू द्यावं आणि मग लिंबू पिळावं.

शिजलं की नाही हे बघायला मांसात टोचायचा थर्मामीटर सगळ्यात खात्रीचा. ७४ अंश ही सुरक्षिततेची किमान पातळी. तंगडी-थाय मात्र ८२ ते ८५ अंशांना हाडापासून छान सुटतात, कारण त्यातला चिवट भाग तोवर विरघळलेला असतो. थर्मामीटर नसेल तर सगळ्यात जाड जागी सुरी टोचून रस स्वच्छ येतो का बघावं. ब्रॉयलर कोवळा असल्याने हाडाजवळ कधी लालसर दिसतं. ते हाडातल्या मगजामुळे असू शकतं, तेवढ्यावरून कच्चं समजून पुन्हा २० मिनिटं भाजू नये.

आता चटणी. बाहेरच्या पाककृतींत तिखटपूड सुरुवातीलाच सगळ्याला चोळायला सांगतात आणि आपल्याकडे लोक त्या जागी चटणी वापरतात. बिघडतं ते इथेच. कांडपावरून आणलेल्या आपल्या चटणीत मिरची असतेच, शिवाय तळलेला कांदा, लसूण, सुकं खोबरं, तीळ, खसखस आणि गरम मसाला असतो. यातलं बरंचसं आधीच भाजलेलं किंवा तळलेलं असतं. पाऊण तास २०० अंशांत उघडं ठेवलं की खोबरं आणि लसूण आधी काळे होतात, मग मिरची, आणि सगळ्या ट्रेला कडवट चव येते. चक्क्यात आणि तेलात कालवलेली चटणी तग धरते, कारण तिच्याभोवती ओलावा असतो. भाज्यांवर तसं आवरण नसतं. म्हणून भाज्यांना सुरुवातीला फक्त तेल, मीठ, हळद लावायची आणि ३०व्या मिनिटाला पाऊण मोठा चमचा चटणी १ मोठा चमचा तेलात कालवून ट्रेवरच परतायची. शेवटची १५ मिनिटं तिला पुरतात. कांदा आणि फ्लॉवरच्या खाचांत ती बसते आणि लाल रंग टिकतो.

नाकावर विश्वास ठेवावा. भाजत असताना खोबऱ्या-लसणाचा खमंग वास येतोय तोवर ठीक. ठसका लागला की चटणी जळायला लागली आहे. लगेच वरचा रॉड बंद करून ट्रे खाली घ्यावा.

चटणी कोणती, यालाही महत्त्व आहे. संकेश्वरी मिरची जास्त असलेली चटणी तिखट आणि तेज. ब्याडगी मिरची जास्त असेल तर रंग गडद आणि तिखटपणा बेताचा. ट्रेसाठी ब्याडगीकडे झुकणारी घ्यावी, कारण भाजताना पाणी कमी होऊन चव एकवटते आणि ताटात रश्श्यासारखं पातळ काही नसल्याने तिखट थेट जिभेवर येतं. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारातून मिरची घेऊन वर्षाची चटणी करणाऱ्यांनी अर्धा किलो अशी वेगळी काढावी. उन्हाळ्यात केलेली चटणी दिवाळीनंतर वापरताना आधी वास घ्यावा. खोबरं खवट झालं असेल तर ते रश्श्यात एकवेळ लपतं, ट्रेवर लपत नाही.

ट्रे चांगला असूनही बिघडतं त्याचं सगळ्यात मोठं कारण गर्दी. पाहुणे आले म्हणून दीड किलो चिकन याच ट्रेवर रचलं की ते भाजत नाही, वाफेवर शिजतं. दोन ट्रे एकावर एक लावूनही उपयोग होत नाही, वरचा ट्रे खालच्याचा वरचा रॉड अडवतो आणि खालचा वरच्याचा खालचा. दोन फेऱ्या कराव्यात. दुसरं कारण थर्मोस्टॅट. घरगुती ओटीजीचा आकडा आणि आतलं तापमान यांत २०-२५ अंशांचा फरक असणं अजिबात दुर्मिळ नाही. जाळीवर ठेवायचा साधा ओव्हन थर्मामीटर घेतला तर हा प्रश्न कायमचा मिटतो.

विजेची धास्ती घेऊ नये. १६०० वॅटचा ओटीजी तापवण्यासकट तासभर चालला तरी दीड युनिटाच्या आसपासच, कारण रॉड सतत चालू नसतात. प्लग मात्र १६ अँपिअरच्याच सॉकेटला लावावा.

सफाईत एक पथ्य आहे. धुण्याचा सोडा, डिशवॉशरची पावडर किंवा कुठलंही क्षारयुक्त औषध या ट्रेला लावू नये, अ‍ॅल्युमिनियम काळं पडतं. कोमट पाणी, साधा भांड्यांचा साबण, मऊ घासणी. काळपटपणा आलाच तर चिंचेच्या पाण्याने उजळतो. तेलाचे तपकिरी डाग कायमचे बसतात, त्याने भाजण्यात काही फरक पडत नाही. तापलेल्या ट्रेवर गार पाणी ओतू नये, १८ गेजसुद्धा त्याने वाकतो.

आणि जेवायला भाकरी असेल तर रस्सा हवाच, तोही याच ट्रेमधून निघतो. चिकन आणि भाज्या ताटात काढल्यावर कागद उचलावा, ट्रे गरम असतानाच अर्धी वाटी उकळतं पाणी घालून लाकडी उलथन्याने तळाला धरलेलं सगळं सोडवावं. त्यात १५व्या मिनिटाला वाटीत काढलेला रस मिसळावा. २ मोठे चमचे सुकं खोबरं, १ छोटा चमचा तीळ आणि १ छोटा चमचा खसखस भाजून बारीक वाटण करावं. पातेल्यात २ मोठे चमचे तेल मंद आचेवर तापवून १ मोठा चमचा चटणी घालावी, ती फुलली की लगेच वाटण टाकून तेल सुटेपर्यंत परतावं. मग ट्रेचा रस आणि ४०० मिलिलिटर गरम पाणी. आठ-दहा मिनिटं खळखळून उकळलं की कट, म्हणजे तेलाचा लाल तवंग, वर येतो. मीठ अगदी शेवटी, चव बघून घालावं, कारण ट्रेच्या रसात ते आधीच उतरलेलं असतं आणि बहुतेक वेळा चिमूटभरच लागतं.